शाबूत पिसांची तलंग

दुष्काळाच्या त्या साली आमच्या घराच्या वाट्याला दोन कामं होती, खडी फोडायचं आणि कोंबड्या सांभाळायचं. घरात बायका दोनच, मी आणि सासू. नवरा ऊसतोडीला गेलेला. गावातल्या बायकांच्या सोसायटीनं घरटी पंचवीस पांढरी परदेशी पिल्लं द्यायचं ठरवलं तेव्हा पहिलं नाव मी दिलं. सातवी पास असल्याचा तोरा होता. सासूबाई म्हणाल्या, "तुला वाचाया येतं, तू कोंबड्या बघ. तुझ्या वाटची खडी मी फोडते." पन्नाशी उलटलेली ती बाई रोज उन्हात तलावाच्या कामावर जायची आणि मी सावलीत राहायची. कोंबड्या अंड्यावर आल्या तर दोघींचीही खडी सुटणार होती.

दोन महिन्यांत पिल्लं वाढून तरण्या कोंबड्या, तलंगा झाल्या, आणि एका सकाळी एकीचं शेपूट उघडंबोडकं, वर रक्ताचा ठिपका. मला वाटलं मुंगूस. खुराड्याचं दार घट्ट बांधलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी तशाच. मग दुपारी डोळ्यांनी बघितलं, त्याच एकमेकींची पिसं उपटून खात होत्या. पुढ्यात रेशनची मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी, पडलेली आणि या पिसं खातायत! असा संताप आला की दाराची काठीच उचलली, पण मारणार कुणाकुणाला?

जखमेवर हळद आणि तेल लावलं, तर ती हळद टिपायला बाकीच्या धावल्या. राख फासली, तीही झटकून टाकली. शेवटी टोचलेली उचलायची, वेगळी डालग्याखाली झाकायची, जखम सुकली की परत सोडायची. परत सोडली की परक्या गल्लीत शिरलेल्या कुत्र्यावर पडावं तशा साऱ्या तिच्यावर तुटून पडायच्या. दोघी अशाच मेल्या.

संध्याकाळी सासूबाई कामावरून आल्या की टोपलं खाली ठेवत विचारायच्या, "आज किती?" मी सांगायची, एक मेली, किंवा तिघींना रक्त निघालं. त्या हातावरच्या फोडांना तेल लावत बसायच्या. चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलटून बोलायची सोय तरी झाली असती.

एक दिवस सायकलवरून जनावरांचे डॉक्टर आले. म्हणाले, यांना जागा कमी पडते, दिवसभर कोंडलेल्या, उकरायला काही नाही आणि नुसत्या मिलोवर पोषण होत नाही. पेंड घाला, जागा वाढवा, हिरवा पाला टांगा म्हणजे चोच तिकडं गुंतेल. जखमेवर काहीतरी काळं लावा, रक्ताचा लाल रंग दिसता कामा नये.

"हिरवा पाला?" मी भडकलेच. "साहेब, भाजीचं पान बघून चार महिनं झालं आमाला."

"कडुलिंब हिरवा आहे ना दारात?" ते म्हणाले आणि सायकलला टांग मारून गेले.

मी सगळं केलं. न्हाणीचा आडोसा मोडून खुराडं वाढवलं, लिंबाचे डहाळे टांगले, शेंगदाण्याची पेंड भिजवून घातली, बैलगाडीच्या चाकाचं काळं वंगण जखमांना लावलं. उपटणं बरंच कमी झालं, पण थांबेना. रोज एकीच्या तरी शेपटाला ताजं रक्त. मला रडू यायचं आणि रडू आलं म्हणून आणखी राग यायचा.

बाजारच्या दिवशी काम बंद असायचं. सासूबाई खुराड्यासमोर पोतं टाकून बसल्या. नुसत्या बसल्या. मी वंगणाचं डबडं घेऊन त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्या थोरलीला काढ भाईर."

"कंची?"

"तुझ्या हातावर दाणं खाती ती."

ती माझी लाडकी. अंगानं भरलेली, पांढरीशुभ्र. सोसायटीच्या बायका आल्या की मी तिलाच पुढं करायची. म्हटलं, "आत्याबाई, तिला तर कायबी झालं न्हाय. एक पीस गेलं न्हाय तिचं."

"व्हय. समद्यांची गेली. तिचंच कसं गेलं न्हाय?"

मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं ती सावकाश एकीच्या मागं गेली, एक पीस उपटलं, आणि रक्त दिसताच बाकीच्या धावल्या. तीन आठवडे मी मार खाणारीला अंधारात कोंडत होते आणि मारणारीला हातावर भरवत होते. रोज डोळ्यांसमोर होती. स्वतःचीच अशी चीड आली की डबडं भिंतीवर फेकलं.

तिला डालग्याखाली घातली. चौथ्या दिवशी एकीलाही रक्त नव्हतं. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "आज किती?"

"एकबी न्हाय," मी म्हटलं, आणि पुढचं तोंडातून निघूनच गेलं, "आत्याबाई, उद्यापासनं कोंबड्या तुमीच बघा. खडीवर मी जाते."

खरं सांगते, मला वाटलं होतं त्या नको म्हणतील. त्यांनी टोपल्यातली हातोडी काढून माझ्यापुढं ठेवली.

"दांड्याला चिंधी गुंडाळ," म्हणाल्या. "पयले आठ दिस लई आग व्हती हातांची."