बंड्या कुणाला जवळ येऊ देत नव्हता

"ताबडतोब या. बंड्या मला नीलाजवळ जाऊ देत नाहीये," एवढंच बोलून मधूभाऊजींनी फोन ठेवला. नीला माझी शाळेपासूनची मैत्रीण, मधूभाऊजी तिचे यजमान आणि बंड्या त्यांचा कुत्रा. सकाळीच आमचं फोनवर बोलणं झालेलं, पडवळात चणाडाळ घालावी की नाही यावर... मला वाटलं, पाय घसरून पडली असेल. डोंबिवलीहून रिक्षा करून ठाकुर्लीला पोहोचले, तर जिन्यात शेजारी जमलेले. डॉक्टरही नुकतेच आलेले, स्वयंपाकघराच्या दाराशी बॅग घेऊन उभे. आत फरशीवर नीला. तिच्या पोटाशी बंड्या, दात विचकून गुरगुरत होता. गुडघ्याइतकाही उंच नाही, पण आत पाऊल टाकायची कुणाची छाती होत नव्हती. शेजारी त्याच्यावर चादर टाकायच्या बेतात होते. मी दाराशी खाली बसले, तोंड दुसरीकडे वळवलं आणि गप्प राहिले. हे नीलानंच शिकवलेलं. बंड्या आला आणि माझ्या मांडीत शिरला. लटलट कापत होता. डॉक्टर आत जाऊन नीलाजवळ बसले आणि लगेचच उभे राहिले...

या गोष्टीला काही आठवडे झाले. अजून हात फोनकडे जातो, आणि मग आठवतं.

पूर्वी आमच्या भागात कुत्रा म्हणजे दाराशी बांधायचा अल्सेशियन नाहीतर पांढरं पॉमेरेनियन. नीलानं आणली ती डॅशहुंड, लांबुडकी, आखूड पायांची राणी. राणीला पिल्लं झाली तेव्हा लोक मागायला आले. नीला त्यांना चहा द्यायची आणि घाबरवायची. "ही जात बिळात शिरून जनावराला भिडणारी. मालक वर उभा, खाली अंधारात काय करायचं ते याचं यानं ठरवायचं. मग घरात तुमचं का म्हणून ऐकेल? चपला खाईल, कुंड्या उकरेल, भुंकून सोसायटी डोक्यावर घेईल. मारलंत तर आणखी हट्टाला पेटेल. लाड केलेत तर डोक्यावर बसेल. आहे तयारी?" बहुतेक जण चहा पिऊन जायचे.

कल्याणचं एक जोडपं मात्र हो हो म्हणत पिल्लू घेऊन गेलं. पुढे वर्षभरानं आम्ही दोघी सहज त्यांच्याकडे गेलो, तर ते पिल्लू गॅलरीत साखळीला बांधलेलं, गळ्यावर वळ. बाई म्हणाल्या, "ऐकतच नाही हो. ह्यांनी पट्ट्यानं झोडलं, तरी नाही."

"मी सांगितलं होतं ना?" नीलाचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. तिनं साखळी सोडली, कुत्र्याला पदरात गुंडाळलं आणि चहाला हात न लावता बाहेर पडली. रिक्षात तो तिला चावला. रक्त आलं, तरी तिनं हात काढला नाही. "त्याला कळू दे, मी सोडणार नाही," म्हणाली. तोच बंड्या.

मधूभाऊजींचं आणि त्याचं कधी जमलं नाही. आणि त्या दुपारनंतर तर ते त्याच्याकडे बघेनात. "याच्यामुळे उशीर झाला," एवढंच म्हणायचे. डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, त्या पडल्या तेव्हाच सगळं संपलं होतं. पण ते डोक्यातून जाईना. शेवटी ठाण्याचे एक बंगलेवाले गृहस्थ बंड्याला न्यायला तयार झाले. "तुम्ही असा," म्हणून भाऊजींनी मला बोलावून घेतलं.

गृहस्थांनी पट्टा ओढला. बंड्या चारी पाय फाकवून फरशीला चिकटला, नीला पडली होती अगदी तिथेच. "ऊठ! चल!" त्यांनी जोरात हिसका दिला, पट्टा गळ्यात रुतला, बंड्या खोकला... तरी जागचा हलला नाही.

"सोडा," भाऊजी म्हणाले.

"अहो, सवय होईल त्याला."

"सोडा म्हणतो ना!" त्या माणसाला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. गृहस्थ निघून गेले. भाऊजी भिंतीचा आधार घेत फरशीवर बसले. दहावं-बारावं झालं तेव्हाही न रडलेला तो माणूस हुंदके देत त्या कुत्र्याशी बोलायला लागला, "मलाही तिच्याजवळच बसायचं होतं रे... तू बसू दिलं नाहीस."

बंड्या उठला नाही. नुसता थोडा बाजूला सरकला. भाऊजी पुढे झाले आणि त्या जागेवर त्याच्याशेजारी बसले.

हल्ली दुपारी गेलं की दोघं तिथेच असतात.