लवू घाड्याचं गाऱ्हाणं

लवू घाडी देवाला भीत नसे. ‘इतकी वर्सा मी बोलतंय आणि तो आयकता. एकदाव उलट बोललो नाय. तेका कित्याक भियाचा?’ असं तो चारचौघांत म्हणे. गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. जत्रेला रवळनाथापुढे उभं राहून लवूने गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचं आणि दर वाक्याला साऱ्या गावाने एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, अशी आमची रीत. लवूचा आवाज असा दणदणीत, की त्या रात्री देवाला डोळा लागायची सोय नव्हती.

माणूस मात्र नमुनाच. माडी प्यायचा, भेटेल त्याची टोपी उडवायचा, आणि गावाबद्दलचं त्याचं मत तर देवाबद्दलच्या मताहूनही वाईट. ‘मेंढरा सगळी. मी उद्या रेड्याच्या बारशाचा आमंत्रण दिलंय, तरी व्हय म्हाराजाच म्हणतले.’ हे तो आमच्या तोंडावर म्हणे आणि आम्ही हसायचो.

देवळामागे देवाची राई होती. ऐन, किंजळ, सातवीण अशी दाट झाडी, आणि तिच्या बुडातून बारमाही झरा. त्याचा पाट सगळ्यात आधी लवूच्या मळ्यात जायचा. तिथे तो वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करायचा. पावसाळी पिकावर त्याचं घर शिमग्यापर्यंतही तगत नसे. पुढचं सगळं त्या झऱ्यावर.

एकसष्ट साली आमच्या नव्या ग्रामपंचायतीला विकास झाला पाहिजे असं वाटू लागलं. सरपंच भाई, कडक इस्त्रीची टोपी घालणारे गृहस्थ, कुठूनसा एक कोळसेवाला घेऊन आले. शहरातल्या चुलींसाठी आजूबाजूचे डोंगर त्याने आधीच तासून काढले होते. राई मिळाली तर देवळाला सिमेंटचा सभामंडप बांधून देतो म्हणाला. पंचायतीने ठराव केला की, राई ही गावची पडून राहिलेली नैसर्गिक संपत्ती असून तिचा योग्य विनियोग व्हावा. देवाची झाडं तोडून देवालाच मंडप द्यायचा, हा विनियोग. आता फक्त जत्रेत ते देवाच्या कानावर घालायचं राहिलं होतं.

लवू भाईंच्या पडवीत जाऊन भांडला. ‘झाडा गेली की झरो गेलो. मगे मी वायंगण खंय करू, तुमच्या टोपयेत?’

‘सरकार बाव खणून देतला,’ भाई म्हणाले. ‘तू आपला गाराणा घाल.’

लवूने घातलं. ‘बा देवा रवळनाथा म्हाराजा, ह्यो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा.’ व्हय म्हाराजा. ‘रोगराय, इडापीडा गावाभायर काड.’ व्हय म्हाराजा. आणि श्वासही न घेता, त्याच सुरात, ‘ह्या रायेक जो कोण कुराड लायत, मगे तो गावचो असो नायतर भायलो, तेच्या बावीचा पाणी आटांदे, तेचा शेत जळांदे.’

‘व्हय म्हाराजा.’

देऊळ दणाणलं. सवयीने भाईही म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी राईत एकही लाकूडतोड्या फिरकला नाही. तोडणारे आमच्याच गावचे होते. कोळसेवाल्याने वाट पाहिली, भाईंच्या घरचा चहा प्यायला आणि दुसरा डोंगर शोधायला निघून गेला.

भाईंनी मानकरी बोलावले. देवाची थट्टा केली म्हणून लवूचा मान काढून त्याचा चुलतभाऊ शंकर याला दिला. लवू तिथे खो खो हसला. पण त्याला फार लागलं. त्या वर्षी भात चांगलं पिकलं, आणि खळ्यावरसुद्धा त्याचा आवाज ऐकू आला नाही.

पुढच्या जत्रेला भाईंनी शंकरला पढवून आणलं. नवा कोळसेवाला तयार होता. शंकर चिरक्या आवाजात म्हणाला, ‘गेल्या वर्सा चुकान कायतरी बोलला गेला आसात, ता बंधन सोड. रायेक मोकळीक दी.’

लवू सगळ्यात मागे, डोळे मिटून उभा होता. मेंढरं आता काय म्हणणार हे त्याला पाठ होतं.

कोणी काही म्हणालं नाही. ऐकू गेलं नसेल म्हणून शंकरने ते पुन्हा, ओरडून म्हटलं. बायका पदर सारखा करत राहिल्या, पुरुष वर वासे बघत राहिले. भाई मागे वळून एकेकाचं तोंड न्याहाळू लागले. शेवटी शंकर घाईघाईने पोराबाळांच्या सुखावर आला, तेव्हा ‘व्हय म्हाराजा’ असं उठलं की कबुतरं उडाली.

घरी जाताना मी लवू आणि त्याची बायको रुक्मिणी यांच्या मागेच होतो. लवू म्हणाला, ‘औंदा तेंका आयकाक कसा इला गो?’

‘गेल्या वर्साव इल्ला,’ रुक्मिणी म्हणाली. ‘आमकाव पाणी लागता मां. तुमीच एकटे शाणे?’

लवू थांबला. ‘म्हणजे समजान म्हटलास?’

‘मगे काय न समजता?’

तो पुन्हा चालू लागला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘मगे माझो मान काढल्यानी, तेवा कोण कित्याक बोलाक नाय?’

रुक्मिणी पाटाच्या पाण्यात पाय धुवायला वाकली.