नाकमुरड्यांची डावी बाजू

माझ्या दादाला बाजारात सगळे नाकमुरडे म्हणतात. हे त्याचं आडनाव नाही, पण इतकं चिकटलंय की एकदा कुरियरवाला त्याच नावाचं पाकीट घेऊन आला आणि दादानं निमूट सही करून ते घेतलं. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारात, जिन्याखालच्या एका गाळ्यात तो हेडफोन दुरुस्त करतो. मोबाइल नाही, टीव्ही नाही, फक्त हेडफोन. म्हणजे लोकांच्या कानाला दिवसदिवस चिकटलेली वस्तू. या कामाची त्याला इतकी किळस आहे की हा माणूस नेमका याच धंद्यात कसा पडला, हे मला अजून कळलेलं नाही.

किळस मलाही आहे, हे आधीच सांगून टाकते. ती आमच्या घरात आईकडून आली. आई दुसऱ्याच्या घरचा पेला उजेडात धरून बघायची आणि मगच पाणी प्यायची. पण आम्ही तिच्याही पुढे गेलो.

गिऱ्हाईक पाठ वळवून गेलं की दादा चिमट्यानं हेडफोनची गादी उचलतो आणि मला दाखवतो. मी काही मागितलेलं नसतं. "हे बघ, चिमणे." मी सेहेचाळीस वर्षांची आहे, तरी चिमणीच. गादीच्या शिवणीत पिवळट मेण, त्यात रुतलेला केस, चेहऱ्याची पावडर, एकदा चक्क बिस्किटाचा चुरा. वरचं खोटं कातडं सुटून त्याचे काळे पापुद्रे गिऱ्हाइकाच्या गालावर चिकटलेले असतात आणि त्याला पत्ता नसतो. "बाहेर इस्त्रीचे शर्ट घालतात," दादा म्हणतो, "आणि कानात ही शेती." मग स्पिरिट, कापूस, टूथपिक. मग साबणानं हात. दिवसातून पंधरा वेळा तरी. तो स्वतः इतका स्वच्छ की रोज आंघोळीनंतर दोन्ही कानांत कापसाच्या काड्या फिरवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

पण त्याच्याकडे लोक येत ते या स्वच्छतेसाठी नाही. ते येत त्याच्या कानासाठी. त्याच्याकडे ना डिग्री, ना मोठं दुकान, ना गोड जीभ. कान एवढंच त्याचं भांडवल. नवा हेडफोन घेतला की लोक खोक्याचं प्लास्टिक पुरतं फाडण्याआधी त्याच्याकडे आणत. दादा स्पिरिटनं पुसून तो डोक्यावर चढवी, डोळे मिटी आणि निकाल देई. "ठेवा." किंवा "परत करा." त्याचं "परत करा" ऐकून दुकानदार वाद घालत नसत. एका चमकदार मॉडेलचा कानावरचा कप त्यानं भर गाळ्यात उघडून दाखवला होता. आत दोन लोखंडी तुकडे चिकटवलेले. आवाजाशी त्यांचा काही संबंध नाही, हातात जड लागावं आणि माल भारी वाटावा म्हणून. "वजनाला भुलणारी माणसं," असं म्हणून दादानं तोंड वाकडं केलं.

परीक्षेसाठी तो गाणं वापरत नाही. गाण्यात सगळं चांगलंच वाटतं, असं त्याचं मत. त्याच्याकडे आईच्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग आहे. वीसेक वर्षांपूर्वी त्यानं जेवायच्या टेबलावर दोन टोकांना दोन माइक ठेवले होते, बघायला म्हणून. डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे खिडकी. आई स्वयंपाकघरातून बोलत आली आणि खिडकीपर्यंत गेली, सगळे मिळून बारा सेकंद. चांगल्या हेडफोनमध्ये आई खरोखर डोक्याच्या डावीकडून उजवीकडे चालत जाते. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली. दादा तिला दिवसातून दहा वेळा चालायला लावतो.

गेली दोन वर्षं मात्र त्याला एकही हेडफोन पसंत पडेना. "डावा मेलाय," हे ठरलेलं वाक्य. "सगळ्या कंपन्या चोर झाल्यात. आई स्वयंपाकघरातून निघतच नाही, एकदम खिडकीशी उगवते." आवाज मोजायचा मीटर लावला तर दोन्ही बाजू सारख्या दाखवायचा. "मीटरला काय कळतंय?" मग तो डावा स्पीकर काढून नवा बसवी. काढलेले स्पीकर एका बिस्किटाच्या डब्यात टाकी. नव्यानंही भागलं नाही की उजव्या गादीखाली स्पंजचा तुकडा सरकवून उजवा आवाज दाबी. झाले दोन्ही सारखे.

लोक परत यायला लागले. उजवीकडून घुसमटल्यासारखं येतंय म्हणायचे. एक गाण्याचे सर आले, सभ्य माणूस, आवाज चढवणंही ज्यांना जमत नाही असे. "उजवा थोडा बसलाय हो," म्हणाले. दादा म्हणाला, "सर, आधी कान साफ करून या." चार माणसांसमोर. सर गेले ते परत आले नाहीत. त्यांच्यामागून बरेच जण गेले. घरी वहिनीही कुरकुरायची की मी जेवताना बोलते ते हा माणूस सरळ कानामागे टाकतो. वहिनी टेबलाशी त्याच्या डावीकडे बसते. पण नवरा बायकोचं ऐकत नाही यात कुणाला काय नवल वाटणार? मलाही वाटलं नाही.

अशात मला नवं काम लागलं. एका कंपनीचे रेकॉर्ड केलेले फोन घरी बसून ऐकायचे आणि बोलणारीनं गिऱ्हाइकाशी नीट वर्तन केलं का याचे मार्क द्यायचे. आठ तास. माझा जुना हेडफोन दादानंच गेल्या वर्षी 'सारखा' करून दिलेला. दोन तासांत चष्म्याच्या काड्या कानामागच्या हाडात रुतायच्या आणि गादीखाली घाम यायचा. संध्याकाळी कान असे लाल आणि चिकट होत की स्वतःलाच हात लावावासा वाटेना. बजेट दोन हजारांच्या आत. दादा म्हणाला, "शनिवारी चल. तुला फसू देणार नाही."

शनिवारी आम्ही पाच दुकानं पालथी घातली आणि मला माणसांची शिसारी आली. प्रत्येक दुकानात आकड्याला टांगलेले नमुन्याचे हेडफोन. त्यांच्या गाद्या तेलानं चकचकीत. शंभर डोक्यांचा घाम एका स्पंजात. आणि विक्रेते म्हणतात, "घालून बघा ना मॅडम!" दादानं खिशातून स्पिरिटची बाटली काढली. विक्रेत्यानं धडाधड ढोल बडवणारं गाणं लावलं. "बेस बघा, साहेब."

"बेस नको. माणूस ऐकव."

"पाच स्टार आहेत, नऊ हजार लोकांनी दिलेत."

"नऊ हजार लोकांचे कान मी बघितलेत," दादा म्हणाला. "गप बस."

तरी एक सांगते, दादाची निवडायची रीत मला पटली. आधी हेडफोन नुसता हातात तोलायचा, हलका हवा. गादी कानावर बसणारी नको, कानाभोवती बसणारी हवी. चष्मा घालूनच बघायचं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं डोक्यावर ठेवायचं, कारण पहिल्या मिनिटाला सगळेच मऊ लागतात. गादी काढून नवी घालता येते का ते विचारायचं, नाहीतर वर्षभरात पापुद्रे. आणि आवाज ओळखीच्या माणसाचा ऐकायचा.

पहिल्याच दुकानात एक साधा, काळा, वायरचा हेडफोन या सगळ्या कसोट्यांना उतरला. दादानं आईला लावलं, डोळे मिटले. "डावा मेलाय." त्यानं तो काढून ठेवला. तो विक्रेत्याशी हुज्जत घालत होता तेवढ्यात मी तो घातला. आई डावीकडून आली, चालत गेली, खिडकीशी थांबली. लख्ख. मी तो काढून जागेवर ठेवला. ज्याचा कान बाजार मानतो त्याच्यापुढे मी कोण? पुढच्या चार दुकानांत हेच झालं. तो म्हणे मेलाय, आणि मला आई चालताना ऐकू येई. पाचव्या दुकानातून बाहेर पडताना मला त्याची चीड आली होती. कशालाच चांगलं म्हणायचं नाही हा याचा माज झालाय, असं मी मनात म्हटलं.

रविवारी जुन्याच हेडफोनवर बसले. घामानं गादी ओली झाली म्हणून ती काढली, तर उजव्या स्पीकरवर स्पंजचा तुकडा. घामानं पिवळा पडलेला, कुबट वासाचा. मला ओकारी आली. म्हणजे वर्षभर मी हे कानाला लावून बसले होते! तो उपटून फेकला आणि हेडफोन परत घातला. दोन्ही बाजू स्वच्छ, सारख्या. दादाचं "डावा मेलाय" आठवलं, मीटर आठवला, गाण्याचे सर आठवले आणि वहिनीची खुर्ची आठवली. मग माझी चीड कुठल्या कुठे गेली. त्याचं एवढं एकच तर भांडवल.

सोमवारी सकाळी गाळ्यावर गेले. वाटेत पहिल्या दुकानातला तो काळा हेडफोन विकत घेतला होता. दादानं बघितला आणि नाक मुरडलं. "घेतलासच? मेलेला?"

"उलटा घाल."

"काय?"

"डावा उजव्या कानावर घाल."

कुठल्याही दुरुस्तीवाल्यानं हे आधी करून बघितलं असतं. पण दादा कधी करत नसे. एका कानाची गादी दुसऱ्या कानाला लावायची म्हणजे त्याच्या मते उष्टं खाणं. "शी. काहीतरीच काय," तो म्हणाला. मी त्याला विचारलंच नाही. हेडफोन उलटा करून त्याच्या डोक्यावर दाबला आणि आईला लावलं.

त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. बाहेर मला काही ऐकू येत नव्हतं, पण आईची वाक्यं मला पाठ आहेत. आधी स्वयंपाकघरातून, "शी! किती राडा घातलायस रे टेबलावर! तुला किळस कशी वाटत नाही?" आणि मग खिडकीशी, "ही खिडकी लाव, धूळ येतेय." दोन वर्षं त्याला नुसती खिडकी ऐकू येत होती. आता राडा ऐकू आला आणि खिडकी गेली. त्यानं पुन्हा लावलं. चार वेळा लावलं. मग हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवला.

"माझाच मेलाय," तो म्हणाला.

मी त्याला हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कानात उजेड टाकून बघितलं.

"काड्या घालता का कानात?"

"रोज. स्वच्छतेसाठी," दादा ताठ बसत म्हणाला.

"म्हणूनच. काडीनं मळ बाहेर येत नाही हो, आत ठासला जातो. डाव्यात तर बूच बसलंय. वर्षानुवर्षांचं असणार."

थेंब, कोमट पाणी, पिचकारी. पाचव्या पिचकारीला ते ट्रेमध्ये पडलं. वाटाण्यापेक्षा मोठं, तपकिरी, आणि त्यात कापसाचे धागे गुंतलेले. बाजारातल्या कुठल्याही गादीत मी इतकं घाणेरडं काही बघितलं नव्हतं, आणि मी बरंच बघितलंय. दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग बेसिनवर वाकला आणि सकाळचा चहा ओकला. बाईंनी नळ सोडला. तो आवाज ऐकून दादा दचकला. नळ त्याच्या डाव्या बाजूला होता.

त्या दिवसानंतरही घरी वहिनीची खुर्ची होती तिथंच आहे. फक्त आता ती बोलते तेव्हा हा उत्तर देतो, आणि ती म्हणते की आधी बरं होतं.

गाळ्यावर परतल्यावर त्यानं पहिल्यांदा बिस्किटाचा डबा उपडा केला. त्यातला एकेक स्पीकर तारेला जोडला आणि डाव्या कानाला लावला. "जिवंत आहे," तो म्हणायचा आणि उजवीकडे ठेवायचा. "हाही. हाही." मी मोजायचं सोडून दिलं. खरोखर बिघडलेले दोन निघाले. मग त्यानं पुठ्ठा घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'येथे स्पंज घातलेले हेडफोन परत आणावेत. फुकट काढून मिळेल.' तो पुठ्ठा त्यानं गाळ्यावर टांगला. बाजार दोन दिवस हसला.

गाण्याच्या सरांना मीच फोन केला होता. ते आले, लांबच उभे राहिले आणि हेडफोन पुढे केला. गादी घाण होती, सरांचीही असतेच. दादानं ती चिमट्यानं नाही, बोटांनी काढली. स्पंज उपसला, सगळं पुसलं आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. सरांनी घातला. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"काय झालं होतं हो याला?" त्यांनी विचारलं.

भोवती चार माणसं उभी होती. तार सैल होती म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी मनातल्या मनात त्याला तसंच सांगत होते.

"याला काही झालं नव्हतं, सर," दादा म्हणाला. "माझ्या कानात मळ होता."