तीन गावांची बाकडी

माझ्या मुलीचं लग्न माझ्या प्रामाणिकपणामुळे जमलं, ही आमच्या नात्यात पसरलेली बातमी साफ खोटी आहे. परवा जावयाने चारचौघांत ती पुन्हा सांगितली आणि माझा घास घशात अडकला. या वयात घशाला हे झेपत नाही. म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

तेव्हा लग्नाची बोलणी चालू होती. मुलगा ऋषी, घर मारुंजीचं. त्याचे वडील आप्पा चाकणच्या कंपन्यांना बस पुरवतात, एवढंच मला माहीत. दोन्ही घरं एकमेकांशी मोकळी व्हावीत म्हणून आमच्या मेधाने, म्हणजे नवरीनेच, टूम काढली, वाकडच्या मॉलमध्ये सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहायचा. आणि सिनेमा कसला? मंत्रालयातला एक अधिकारी स्वतःच्याच मंत्र्याचा घोटाळा उघडा करतो! आणि मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकून (कोणत्या, ते विचारू नका).

"अहो, आज तोंड उघडायचं नाही," माझ्या बायकोने, सुमनने, कॅबमध्येच बजावलं. "हसायचं आणि मान हलवायची. बाकी मी बघते."

खुर्च्या कसल्या, पलंगच ते! बटण दाबलं की पाय वर. मला चैन पडेना. पाय वर, पाय खाली, पुन्हा वर. तेवढ्यात पडद्यावर त्या अधिकाऱ्याने भर दुपारी गोपनीय फाईल पळवली आणि माझा संयम सुटला.

"जेवणाच्या सुट्टीत फाईल? अहो, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई टपरीवर!"

पुढची रांग खदखदून हसली. तिथेच घात झाला. हशा डोक्यात गेला.

मध्यंतरात आप्पांनी सहज विचारलं, "पाव्हणं, तुमच्या हापिसात असलं काय घडलं व्हतं का?"

सुमनने चिमटा काढला. मला वाटलं, प्रोत्साहन!

"असलं? याच्या वरताण! तीन गावांना बसायची बाकडी मंजूर झाली. ठेकेदाराने बनवली एकाच गावापुरती. पाहणी झाली की रातोरात ट्रकमध्ये घालायची, पुढच्या गावी न्यायची, नवा रंग मारायचा, नवं नाव लिहायचं. तिन्ही गावं पास!"

आजूबाजूचे लोक पॉपकॉर्न विसरून वळले. "मग काका?"

"मग काय? ठेकेदार एक नंबरचा चोर!"

मागून टाळ्या पडल्या! ऋषी मात्र ताडकन उठून बाहेर गेला. मेधा माझ्या कानाशी आली. तिचा आवाज रडवेला होता. "बाबा, बसच्या आधी आप्पांचा धंदा बाकड्यांचाच होता. संपवलंत ना सगळं?"

पळून जावं म्हणून मी बटण दाबलं. नेमकं उलटं! पाय वर, डोकं खाली. मी होणाऱ्या व्याह्यांसमोर दाढीला बसल्यासारखा आडवा!

आप्पा माझ्यावर वाकले. "पाव्हणं, पाहणीला यक कारकून आला व्हता. ओल्या बाकड्यावर बसला, उठला तर पँटीवर हिरवं पट्टं. तिन्ही गावांची बाकडी येगळी हायती, असं त्यानंच लिहून दिलं. त्यो कोन?"

पाहणीला ठेकेदाराचा मुकादमच यायचा, ठेकेदार मी कधी पाहिलाच नव्हता. छताकडे पाहत म्हणालो, "रंग... फार हळू वाळत होता हो."

आप्पा असे हसले की त्यांच्या हातातला समोसा माझ्या पोटावर पडला. "मी पँटपीस धाडला व्हता, पोचला का?"

"पोचला."

"म्हंजे तो दिवाळीला ऑफिसातून मिळालेला नव्हता?" सुमन.

"वहिनी, असू द्या!" आप्पांनी मला हाताला धरून उठवलं आणि मिठी मारली. "मानूस आपल्यातलाच हाय. सुपारी फोडू!"

नेमका तेव्हाच ऋषी परत आला. त्याला दिसली फक्त मिठी. सत्यापुढे वडील विरघळले, असा त्याने अर्थ काढला. लग्न मोडेल या भीतीने मेधाने तो खोडला नाही. मीही गप्प बसलो. सवय होती!

परतताना भूमकर चौकात सुमनने माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "लाचखाऊ माणसाची बायको असून मी सगळं आयुष्य रेशनच्या रांगेत काढलं? एका पँटपीसवर?"

शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला जी लाज वाटली ती लाच घेतल्याची नव्हती, एवढीशी घेतल्याची होती!