कापसाच्या जीपचे दिवे

अण्णा गेले, बायको गेली. दोघांनाही हे कधी कळलं नाही, कारण मी सांगितलंच नाही. आता तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. तापीकाठी आमची केळी आणि कपाशी. थोरल्या भावाची – अण्णांची – जुनी जीप, आणि तिच्यावर ड्रायव्हर सुपडू. कापसाच्या दिवसांत जिनिंग कारखान्याच्या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागायची, आणि धूळ इतकी की समोरचं दिसू नये. मला विजेच्या कामाचा भारी नाद. मी ठरवलं, जीपला दिवसासुद्धा दिवे हवेत. किल्ली फिरवली की पुढे दोन पेटतील, मागे एक लाल. शिकलो कुणाकडे? कुणाकडेच नाही. घरचा रेडिओ एकदा दुरुस्त केला होता, तेवढ्यावर छाती फुगलेली.

दिवे पेटले तेव्हा गाव हसलं. "सूर्यले वाट दखाडस का?" पण गाडीवाले धुळीतून ते बघून बाजूला व्हायला लागले, आणि मी मिशीला पीळ भरला.

फ्यूज मात्र सारखा उडायचा. मग मी त्या जागी तांब्याची जाड तार पिळून टाकली – ती काही जळून तुटायची नाही. मागच्या दिव्याची वायर पत्र्याला भोक पाडून नेली होती – ते भोक सुपडूने पाहिलं.

"भाऊ, वायर पत्राले घासाई ऱ्हायनी. रबर टाका ना."

मी म्हणालो, तू गाडी चालव. रबराची एक चकती – पाच मिनिटांचं काम. का नाही केलं? ड्रायव्हरने मला शिकवावं, हे सहन झालं नाही. एवढंच.

त्या दुपारी जीप कापसाने भरलेली होती. स्टार्टर कमजोर, म्हणून सुपडू वाटेत इंजिन बंद करत नसे. जीप कडेला चालूच, दिवे पेटलेलेच ठेवून तो लिंबाखाली विडी ओढायला गेला – चांगला लांब. परत वळला तर मागून धूर. पेटलेला कापूस त्याने हातांनीच ओढून बाहेर काढला. दोन्ही हात भाजले.

धूर दिसला तसा मी मळ्यातून सायकलवर निघालो आणि अण्णांच्या आधी पोचलो. लोक सुपडूच्या हातांवर पाणी ओतत होते. मी त्याच्याकडे गेलो नाही – जीपखाली वाकलो. भोकापाशी वायर उघडी पडलेली, जळून काळी. ती उपटली, तांब्याची तारही काढली, दोन्ही खिशात घातल्या. अजून गरम होत्या.

अण्णा आले. "कापूसजोडे विडी वढी तू?"

"दूर व्हतू, अण्णा. लिंबखाले."

सुपडूने माझ्याकडे बघितलं का? नाही. बघितलंही नाही. मी बोललो असतो तर काय झालं असतं? अण्णांच्या शिव्या, दोन-चार दिवसांचा अबोला. त्याहून जास्त काही नाही – हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

आमच्याकडे चोराला एक वेळ परत कामावर घेतील. कापसात विडी नेणाऱ्याला नाही. थेट लांबच्या रनाळे गावापर्यंत बोभाटा झाला. सुपडूला पुन्हा कुणी गाडीला हात लावू दिला नाही. आखडलेल्या बोटांनी तो लोकांच्या शेतात तण निंदायला जाऊ लागला. मला लाज वाटायची. म्हणून मी वाट बदलून जायचो.

बऱ्याच वर्षांनी आठवडे बाजारात तो अचानक समोर आला. त्यानेच आधी हात जोडले.

"मन्हीच ठिनगी उडनी व्हई, भाऊ. तवयपासून विडीले हात लाया नही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, बरं केलंस.