वेशीवर थांबलेली जीप

मी विलायतेला निघालो त्या सकाळी आई वेशीपर्यंत आली ती रिकाम्या हातांनी. आमच्या बदलापूर गावात कोणी परगावी निघालं की घरची बाई त्याला वेशीवर ओवाळते, मग तो कर्जतला निघालेला असो की काशीला. मी तर समुद्र ओलांडून निघालो होतो. जमलेल्या बायका आईच्या हातांकडे बघून कुजबुजायला लागल्या. बाबा बैलांचं दावं धरून जरा लांब उभे होते, त्यांनी मान फिरवली. आईने माझ्या तोंडावरून हात उतरवले, बोटं कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "आज नाय ओवालीत तुला. तुजा टाइम जाईल."

जी गोष्ट मी घरात सगळ्यांना बजावून तिच्यापासून लपवली होती, ती तिला कोणीतरी सांगितली होती. मला ते तिथेच कळलं. पण चुलतभाऊ ट्रंक घेऊन स्टेशनच्या वाटेला लागला होता, आणि वेशीवर उभं राहून बोलावी अशी ती गोष्ट नव्हती. मी पाया पडलो आणि निघालो.

आता मी इंग्लंडमधल्या एका कारखान्यांच्या शहरात मोटारींना दारं बसवतो. बिनदाराची मोटार समोर येते, मी दार लावतो, ती पुढे सरकते, दुसरी येते. यातली एकही मोटार मी आजवर चालवलेली नाही. संध्याकाळी खोलीवर येतो तेव्हा बूट काढायचाही कंटाळा येतो. घरमालकीण चांगली आहे, पण तिच्या घरात आंघोळ शनिवारी, आणि भात म्हणजे दुधातला गोड. धाकटा भाऊ शंकर पत्रात लिहितो, दादा, तू तर आता रोज शर्यती बघत असशील. त्याला काय उत्तर द्यावं कळत नाही, म्हणून हे सगळंच लिहून काढतो आहे. माझ्यासारखे जे इकडे आलेत त्यांनीही वाचावं. शंकर, हे आईला सावकाश वाचून दाखव. मधलं काही गाळू नकोस.

मला शर्यतींचा नाद लावला तो लेखूमलने. फाळणीनंतर सिंधी मंडळी कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत येऊन राहिली, त्यांतला तो. उल्हासनगर हे नाव तेव्हा नुकतंच पडत होतं, आम्ही नुसतं 'क्यांप' म्हणायचो. तीन नंबरच्या कॅम्पात एका बराकीच्या तोंडाशी त्याने पत्रा टाकून गॅरेज उघडलं होतं. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेले ट्रक आणि जीपगाड्या आसपास इतक्या सडत पडल्या होत्या की कामाला तोटा नव्हता. मी अंबरनाथला आगपेट्यांच्या कारखान्यात होतो. सुट्टी झाली की सायकल घराकडे वळवायची ती मी उलटीकडे वळवायचो आणि लेखूमलच्या हाताखाली काळा होऊन घरी यायचो.

कराचीत समुद्रकाठच्या वाळूवर साहेबांच्या मोटारी पळताना त्याने पाहिल्या होत्या. घर, दुकान, भांडीकुंडी, कशाबद्दल तो कधी बोलायचा नाही. त्या मोटारींबद्दल मात्र बोलायला लागला की स्पॅनर हातातच राहायचा. छावणीच्या रद्दीत इंग्रजी मोटारींची मासिकं निघायची, ती त्याने हुडकून आणलेली असायची. मी शाळेत शिकलेलं इंग्रजी जोडत जोडत वाचायचो आणि तो ऐकायचा. फ्रान्सात एक शर्यत होते, दुपारी सुरू होते ती दुसऱ्या दिवशी दुपारीच संपते, चोवीस तास. एका गाडीवर दोन माणसं, एक थकला की दुसरा बसतो. आम्ही ती शर्यत वाचायला घेतली आणि पहाटेपर्यंत आलो, तर पुढची पानं गायब. शेजारच्या पापडवालीने पुडीला नेली होती. ती शर्यत संपून वर्ष होऊन गेलं होतं, तिकडे जिंकलेला माणूस बक्षीस घेऊन केव्हाच घरी गेला असेल, पण कॅम्पात ती कितीतरी महिने चालूच होती. आम्ही दोघं रोज वेगवेगळ्या गाड्या जिंकवायचो.

घरी मी हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही. भातलावणीला आमच्याकडे सावड असते, आज सगळ्यांनी याच्या शेतात राबायचं, उद्या त्याच्या. बाबा म्हणाले, "म्हंजे सावडीनं चालवतान." मला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी लेखूमलला सांगितलं, आणि त्यानंतर आम्ही त्या शर्यतीला सावडीची शर्यतच म्हणायला लागलो. आईचं मत वेगळं होतं. एका मासिकात विमानाचं इंजिन बसवलेल्या मोटारीचं चित्र होतं, पुढच्या काळात सगळ्या मोटारी अशाच होणार आणि त्या रॉकेलवर चालणार असं खाली लिहिलं होतं. मी ते मोठ्या कौतुकाने घरी वाचून दाखवलं. आईने विचारलं, रॉकेल मोटारच प्यायली तर आम्ही चिमणीत काय घालायचं? रेशनच्या दिवसांत हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. मासिकात त्याचं उत्तर नव्हतं.

मग एका हिवाळ्यात बातमी आली की मुंबईचा एक मोटारक्लब लांब पल्ल्याची चाचणी घेतो आहे. मुंबईहून निघून कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी करत कर्जतला जायचं आणि खोपोली-पनवेलवरून परत. वाटेत चौक्या. प्रत्येक चौकीत ठरल्या वेळेच्या आत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. चौकी बंद झाली की गाडी बाद. लेखूमलने मोडीतली एक जीप पुरी उघडून पुन्हा उभी केली होती. तीच आम्ही चाचणीत उतरवायची ठरवली. तिला सामान पुरवणारा मुंबईचा एक स्पेअर पार्टवाला शेठ लेखूमलला म्हणाला की ही गाडी सगळे शिक्के घेऊन परत आली, तर मी माझं वर्कशॉप तुमच्या कॅम्पात काढतो, आणि तुम्ही दोघं ते सांभाळा.

मला यापलीकडे काही नको होतं. आगपेट्यांच्या कारखान्यात गंधकाच्या वासाने माझी छाती धरायला लागली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, हे काम सोड. लेखूमलचा एक आतेभाऊ विलायतेत होता, तो बोलावत होता. शेती एका भावापुरतीच होती. म्हणजे जीप परत आली तर मी रोज घरी जेवायला येणार होतो, आणि नाही आली तर बोटीत बसणार होतो. हे बाबांना माहीत होतं, शंकरला माहीत होतं. आईला आम्ही एवढंच सांगितलं होतं की मी, तिचा बाळाराम, शर्यतीत आहे आणि आपल्या गावावरून जाणार आहे.

बदलापूरपर्यंत सगळं झकास झालं. कल्याणपर्यंत लेखूमलने चालवली, मग मी बसलो. अंबरनाथच्या चौकीत वेळेआधी पोचलो, शिक्का घेतला. खडीच्या रस्त्यावर पुढच्या मोटारीची धूळ खात आम्ही गावाजवळ आलो, आणि वेशीवर रस्त्याच्या मधोमध आई उभी.

हातात ताट. मागे भावकीतल्या झाडून साऱ्या बायका, नव्या लुगड्यांत. पुढच्या मोटारी त्यांनी बाजूला होऊन जाऊ दिल्या होत्या, त्या परक्यांच्या. आपली जीप दिसल्यावर सगळ्या रस्त्यावर आल्या.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. बैलांच्या शर्यती आमच्या रक्तातल्या. बैल पळवायच्या आधी त्याला ओवाळल्याशिवाय कोणी सोडत नाही, आणि ओवाळणार घरचीच बाई. त्यामुळे आईच्या मनात हिशेब सरळ होता. मुलगा शर्यतीत आहे आणि अजून तिने ओवाळलेलं नाही, म्हणजे शर्यत अजून सुरू झालेलीच नाही. ती इथून सुरू होणार. मुंबईपासून आम्ही जे आलो ते तिच्या लेखी बैल मैदानात चालवत आणणं होतं.

मी हॉर्न वाजवला. ती हसली. मी गाडी थांबवली, पण इंजिन चालू ठेवलं आणि म्हणालो, आये, लवकर. बसल्या जागी ओवाळून घेऊ नये म्हणून तिने मला खाली उतरवलं. मग लेखूमललाही उतरवलं, कारण तोही शर्यतीतला. जीपच्या दोन्ही दिव्यांना कुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हार. हवेने निरांजन विझलं, ते पुन्हा लावलं. चुलतीला पाळी मिळाली नव्हती, तिला मिळाली. नारळ जीपच्या बंपरवर फोडायचा तर तो फुटेना. फुटल्यावर खोबरं वाटल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, असं म्हाताऱ्या बायकांनी ठरवलं. मागून एक मोटार आली, दुसरी आली, आमच्या बाजूने शेतात उतरून पुढे गेली. बाबा सगळं समजून होते. ते दोनदा पुढे आले आणि आईचं तोंड बघून दोनदा मागे गेले. मीही बघत होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझी आई सगळ्या गावापुढे उभी होती आणि सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. त्या ताटाला हात लावून बाजूला करायची माझी छाती झाली नाही.

वांगणीची चौकी आम्ही पोचलो तेव्हा बंद झाली होती. टेबलावरचं कापड गुंडाळत असलेल्या माणसाने आमच्या हाराकडे, कुंकवाकडे बघितलं आणि विचारलं, लग्नाची गाडी का? लेखूमलने इंजिन बंद केलं. किती तरी वेळ आम्ही खोबरं खात बसलो. मी त्याला म्हणालो, मला माफ कर. तो म्हणाला, "माँ थी. रुकना ही था. मेरी माँ ने कराची छोड़ने से मना किया, और मैं रुका नहीं."

शेठने वर्कशॉप दुसरीकडे काढलं. लेखूमलच्या आतेभावाने कागदपत्रं पाठवली. आईला सगळ्यांनी मिळून सांगितलं की जीप पुढे वाटेत बिघडली. तिने एकदाच विचारलं, ओवाळून पण बिघडली? मला वाटलं तिने मानलं. कोणी सांगितलं तिला, मी शोधायला गेलो नाही. पण ज्या दिवशी मी खरोखर लांब निघालो, त्या दिवशी तिने हात रिकामे ठेवले, आणि ते मला आजपर्यंत खुपतं. थंडीपेक्षा, एकटेपणापेक्षाही जास्त खुपतं.

शंकर, शर्यती मी बघतो. रोज नाही, सुट्टी मिळाली तर. लढाईतल्या जुन्या विमानतळांच्या धावपट्ट्यांवर त्या होतात. लढाईने आम्हाला बराकी दिल्या, यांना धावपट्ट्या. लांब पल्ल्याची शर्यत असली की मी डबा घेऊन जातो आणि खरं सांगायचं तर अर्धा वेळ गवतावर झोपलेला असतो. आठवडाभराचा शीण असतो. डोळे उघडावेत तर त्याच गाड्या अजून फिरतायत. एक माणूस उतरतो, दुसरा बसतो, आणि मी मनात म्हणतो, सावड. बाजूला सांगायला कोणी नसतं. विमानाच्या इंजिनाची मोटारसुद्धा मी एका प्रदर्शनात पाहिली. प्रायमससारखी सूं आवाज करते. ती खरंच रॉकेलवर चालते, आईला सांग, तिचं बरोबर होतं.

कारखान्यात एक इंजिनियर साहेब आहे, शर्यतींचा वेडा, म्हणून माझ्याशी बोलतो. परवा जेवणाच्या सुट्टीत तो सांगत होता की पुढे रस्त्यात तार पुरतील आणि मोटार त्या तारेच्या मागे आपली आपण जाईल, ड्रायव्हर नकोच. माणूस थकतो, चुकतो, नको तिथे थांबतो. मोटारीला तसलं काही नाही, ती सगळ्या चौक्या वेळेवर गाठेल. आधीचा मी असतो तर हे ऐकून उड्या मारल्या असत्या आणि रात्री लेखूमलला पत्र लिहिलं असतं. त्या दिवशी मला फक्त आमची वेस दिसली. रस्त्याच्या मधोमध आई ताट घेऊन उभी आहे, आणि ती शहाणी मोटार तिच्या बाजूने शेतात उतरून पुढे निघून गेली आहे.

भोंगा झाला, मी दारं बसवायला गेलो.

आये, पुढच्या सालात रजा मिळेल असं दिसतंय. लेखूमलला मी लिहिलंय, तो जीप घेऊन बंदरावर येणार आहे. तू वेशीवर ये आणि ताट घेऊन ये. वात विझली तर पुन्हा लाव, चुलतीला, मामीला, सगळ्यांना पाळी दे, नारळ फुटेपर्यंत फोड. मला कुठेही वेळेवर पोचायचं नाही. मी इंजिन बंद करून उतरणार आहे.