गाल फुगवले म्हणजे कोण?

आधी बारकीताईचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते. आज माझे दोन्ही हात धड आहेत ते तिच्यामुळे. ती कासा गावाच्या पुढच्या एका पाड्यावरची. तिला जन्मापासून ऐकू येत नाही आणि शाळा तिने पाहिलेली नाही. म्हणजे हे लिहिलेलं तिला वाचता येणार नाही, आणि कुणी वाचून दाखवलं तरी उपयोग नाही. तिला मी हातांनी सांगेन.

त्या दिवशी ऑडिट होतं. तलासरीला हायवेजवळ आमची शेड आहे. कंपन्यांचे जुने कॉम्प्युटर, लॅपटॉप, प्रिंटर इथे येतात. आम्ही ते उघडतो आणि तांबं, प्लॅस्टिक, ॲल्युमिनियम वेगवेगळं करतो. याला डिसमँटलिंग म्हणतात. काम करणारे बहुतेक माझ्यासारखेच. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला एक हात नाही. माझा डावा पाय आखूड आहे. मी वाशीम जिल्ह्यातली, आठवीत शाळा सुटली. नवीन होते तेव्हा कपड्यांची पिशवी रोज टेबलाखाली आणून ठेवायचे, कधी परत पाठवतील काय सांगावं. एक दिवस बारकीताईने ती पिशवी उचलून खिळ्याला टांगली, मला तिच्या समोरच्या स्टुलावर बसवलं आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला.

आमच्या शेडची भाषा हातांची. खुणा कुठल्या पुस्तकातल्या नाहीत, इथल्याच आहेत. चिप म्हणजे चिकूची बी, कारण तशीच काळी आणि चकचकीत. माणसांनाही खुणेची नावं आहेत. माझं नाव म्हणजे दोन बोटं चालवायची, एक जरा दुमडून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग कळलं, त्यात टोमणा नसतो. जे आधी दिसतं तेच नाव. आमचे मॅनेजर राऊत सर गोल चेहऱ्याचे. त्यांचं नाव म्हणजे दोन्ही गाल फुगवायचे.

अडचण अशी की फुगलेल्या बॅटरीची खूणही तीच. लॅपटॉपची बॅटरी जुनी झाली की आत गॅस धरते, उशीसारखी फुगते. तिला टोक लागलं तर पेट घेते. तशी दिसली की हात थांबवायचा आणि लॅपटॉप दाराजवळच्या वाळूच्या पिंपात नेऊन ठेवायचा. सर शेडमध्ये फारसे येत नसत, म्हणून घोटाळा कधी झाला नव्हता.

ऑडिटला आलेल्या मॅडम आम्हाला लॅपटॉप पाठवणाऱ्या कंपनीच्या. त्यांचं म्हणणं सरांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं. ज्यांना आगीचा सायरन ऐकू येत नाही त्यांना लॅपटॉपच्या टेबलावर बसवू नका, वायरी सोलायला द्या. मी हे बारकीताईला सांगितलं तेव्हा तिने स्क्रू-ड्रायव्हर पदराला पुसला आणि मुठीत घट्ट धरला. पूर्वी ती वायरीच सोलायची, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. तिथून कुणाचे हात दिसत नाहीत. म्हणजे दिवसभर बोलणं बंद.

सर मॅडमना घेऊन आत आले. मी एका लॅपटॉपचं मागचं झाकण उचकटत होते. समोरून बारकीताईने गाल फुगवले. मी मान हलवली, हो हो, सर आले, दिसले. तिने डोळे मोठे करून पुन्हा फुगवले. मी ओढणी सारखी केली. मग ती सरांकडेच वळली आणि त्यांच्या तोंडासमोर गाल फुगवले. सरांना स्वतःचं नाव ठाऊक नव्हतं, पण पाहुण्यांदेखत कुणीतरी आपली नक्कल करतंय एवढं कळलं. ते लाल झाले. मी मान खाली घातली.

तेवढ्यात लॅपटॉप माझ्या हातांखालून गेला. ताईने तो ओढून घेतला, सर आणि मॅडम यांच्या मधून घुसली, पिंपात ठेवला आणि वरून वाळू लोटली. गोडसर वास आला, मग वाळूतून धूर. झाकणाआडची फुगलेली बॅटरी ताईला समोरून दिसली होती, आणि माझ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच बॅटरीला लागलं होतं.

धूर विरल्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, मी हेच म्हणत होते. यांना ओरडता आलं असतं तर आधीच कळलं असतं."

बारकीताई आमच्या तोंडांकडे बघत होती. आपल्याबद्दलच चाललंय हे तिला कळत होतं. झालं ते सगळं सांगायचं तर सरांचं नाव त्यांच्याच समोर सांगावं लागणार होतं. मला ती टेबलाखालची पिशवी पुन्हा दिसायला लागली.

"ती ओरडली, मॅडम," मी म्हणाले. "आम्हालाच ऐकू आलं नाही."

"म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. शेवटी सरांना म्हणाले, माझंही नाव लंगडंच आहे सर, मनावर घेऊ नका.

सरांनी गालाला हात लावला. "गाल फुगवले की मी?"

"हो सर."

"आणि बॅटरी?"

"ती पण."

"आधी कोण?"

"बॅटरी, सर. तुम्ही नंतर जॉइन झालात."

मॅडमनी खोकल्यासारखं केलं. मग मला म्हणाल्या, त्यांना पुन्हा एकदा ओरडायला सांगा. मी खूण केली. बारकीताईने गाल फुगवले आणि सगळे एकदम टेबलापासून मागे सरले. सर सगळ्यांत आधी.

बारकीताई लॅपटॉपच्या टेबलावरच राहिली. मॅडमनी दोन गोष्टी करायला सांगितल्या. सायरनबरोबर पेटणारा लाल दिवा प्रत्येक टेबलावर लावा, आणि सरांना दुसरं नाव द्या. दिवे बसायला वेळ लागला. नाव त्याच दिवशी ठरलं. बारकीताईने सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पोटावरून घसरणारी पँट वर ओढल्याची खूण केली. सरांनी मला अर्थ विचारला.

"पट्टा, सर," मी म्हणाले.

यातून शिकले ते एवढंच. साहेबाला आणि बॅटरीला एकच नाव ठेवू नये. दोघांपैकी कोण तापलंय ते कळत नाही.

बारकीताईचे उपकार मात्र अजून तसेच आहेत. व्हिडिओ कॉलवर मी माझ्या मायला खुणा शिकवते आहे. भाकर, पाणी, बस, लेक एवढं जमलंय. एक दिवस ताईला वाशीमला घेऊन जाणार आहे. 'माझ्या लेकीचे हात तू वाचवलेस,' हे तेव्हा तिला मी नाही सांगणार. माझी माय सांगेल, तिच्या हातांनी.